पाटी शेवटी रंगवू

बसा हिराताई. चहा येतोय.
पेठ रोडवरचा गाळा घेतलाय म्हणता,
हिरवं शटर, शेजारी पंक्चरवाला?
ओळखतो त्याला.
त्या एकाच कपाळावर मी पाच नावं लिहिलीत.
आधी झेरॉक्स, मग मोबाईल दुरुस्ती,
मग केक शॉप. त्या पोरानं 'के'ची मात्रा
चेरीसारखी लाल काढून मागितली होती.
चार महिन्यांत गेला.
मग टेलर. मग पुन्हा झेरॉक्स.
पत्रा घासला तर अजून सगळे दिसतील,
एकाच्या अंगावर एक.

बघू तुमचा कागद.
'आमचे येथे नागली, तांदूळ, उडदाचे पापड, कुरडया,
सर्व प्रकारची लोणची, चटण्या, मसाले,
साडीला फॉल-बीडिंग, लग्नाच्या ऑर्डरी...'
ताई, आठ बाय तीनचा पत्रा आहे.
मोटरसायकलवरचा माणूस तीन शब्द वाचतो,
चौथ्याला खड्डा येतो.

खरं सांगा, सुरगाण्याहून परतताना
शेजारणी काय आणायला सांगतात?
नागलीचे.
मग झालं.
फॉल-बीडिंग घरात ठेवा.

ब्रश मी अजून भिजवलेला नाही, बघताय ना.
आधी तीन दिवस त्या पंक्चरवाल्याच्या बाकावर बसा,
सकाळी एकदा, दिवे लागल्यावर एकदा.
कोण जातं, कुणीकडे तोंड करून जातं, मोजा.
वहीत काड्या मारा, पाचवी आडवी.
सकाळी शहराकडे निघालेला थांबत नाही,
त्याला कंपनीचं पंचिंग गाठायचं असतं.
थांबतो तो संध्याकाळचा,
आणि तो परततो समोरच्या बाजूनं.
हे झेरॉक्सवाल्याला दोन्ही वेळा कळलं नाही.
समोर रसवंती आहे, तिच्या खांबाला एक फळी टांगा,
रसवाल्याला महिन्याला दोन पाकिटं द्या.
फळीचे पैसे मी घेत नाही.

किलोचा भाव काय धरलाय? दोनशे?
नागली धरली, मीठ, पापडखार, गॅस, पिशवी, सगळं धरलं.
आणि पहाटे चारला उठून उकड मळणारी ती बाई
कुठल्या रकान्यात आहे?
तुम्हीच ती, ठाऊक आहे. तरी मांडा.
नाहीतर दुकान उभं राहील
आणि बाई बसेल.

पापड वाळणार चैत्र-वैशाखात,
मागणार लोक आषाढात.
पैसा उन्हात जातो, पावसात येतो,
मधल्या दिवसांचा डबा वेगळा ठेवा,
आणि त्याची जागा नवऱ्यालाही सांगू नका.
उधारीची वही घ्याच. पण पातळ घ्या.

हसताय कशाला?
हां. माझ्या दुकानाला पाटी कुठंय, म्हणता.
नाही. कधीच नव्हती.
ह्या दारावर मी ब्रश पुसत आलो तीस वर्षं,
लोक म्हणायचे, रंगीत दाराचा निवृत्ती.
शालिमारला पहिलं फ्लेक्सचं मशीन आलं तेव्हा
मी म्हणालो, हाताचं अक्षर ते हाताचं,
उन्हात फाटत नाही, नातू वाचेल.
चांगलं वाक्य होतं.
गिऱ्हाइकाला एकदाही सांगितलं नाही.
इथेच बसून
स्वतःला सांगत राहिलो.

असो. उघडा आता तो डबा.
एक द्या, चहाच्या शेगडीवर भाजतो.
थोडा करपला तरी चालेल,
वास तर सुटू दे.

बघा, पलीकडचा इस्त्रीवाला डोकावला.
विचारतोय, कितीला?
माझ्याकडे काय बघता,
सांगा त्याला.
आत्ता मांडलेला भाव सांगा, ताई,
आणि खाली बघू नका.